डोंगरात दोघांनी चालायचं तर

पाऊस उघडला की मोर्शीच्या उत्तरेला सातपुड्याची रांग अगदी हाताशी आल्यासारखी दिसते. त्या रांगेकडे पायी जाण्याची सवय आपल्या भागाला नवी नाही. महाशिवरात्रीला सालबर्डीला माणसांचा पूर लोटतो. खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीच्या मोठ्या महादेवाला जाणारे, चौरागडाच्या पायऱ्या चढणारे वऱ्हाडातले किती तरी लोक तुमच्या घरात, गल्लीत असतील. नागपंचमीच्या आसपास सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली नागद्वारची वाट थोड्याच दिवसांसाठी उघडते, तेव्हा तिथल्या पावसाळी चढावर विदर्भातलीच मराठी जास्त ऐकू येते. त्याही आधी, तेराव्या शतकात, चक्रधरस्वामी रिद्धपूरहून सालबर्डीच्या डोंगरात गेले ते पायीच.

नवं आहे ते वेगळंच. नवरा-बायको दोघांनीच, नवस नाही, दिंडी नाही, केवळ आपल्या आनंदासाठी आठ-दहा दिवस डोंगरात चालायला जायचं, हे आपल्याकडे आत्ता कुठे सुरू झालंय. लेकरं पुण्याला नाहीतर बंगळूरला नोकरीला लागलेली, कर्ज फिटलेलं, गुडघे अजून साथ देणारे, अशी पंचेचाळीस ते साठ वयाची जोडपी हल्ली विचारतात, आम्हाला जमेल का? हा लेख त्यांच्यासाठी आहे. जमतं. मात्र त्याची बहुतेक तयारी डोंगरात नव्हे, मोर्शीत, वरूडला, चांदूर बाजारला, आपल्या घरीच करावी लागते.

पहिल्या मोठ्या चालीसाठी मी उत्तराखंडातली हर-की-दून सुचवते. गढवालच्या पश्चिम टोकाला सांकरी हे गाव आहे, उंची सुमारे १९५० मीटर. तिथून जीपने तालुका नावाच्या गावापर्यंत जायचं आणि मग सुपीन नदीच्या काठाने वर चालत राहायचं. गंगाड, ओसला अशी देवदाराच्या लाकडी घरांची गावं लागतात. शेवटी दरी रुंद होते आणि ३५६६ मीटरवर हर-की-दूनचं कुरण येतं. मागे स्वर्गारोहिणीचं बर्फाचं शिखर उभं असतं, ६२५२ मीटरचं. सांकरीहून जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर चाल होते. ही वाट निवडण्याचं कारण असं की ती दरीतून हळूहळू चढते. खिंड ओलांडायची नसते, दोर लागत नाही, बर्फावर पाय रोवून चढावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे वाटेत कुठेही बिनसलं तर आलो त्याच वाटेने खाली उतरता येतं. खिंडीच्या ट्रेकमध्ये अर्धं अंतर गेल्यावर मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच अवघड होऊन बसतं. पहिल्या खेपेला दोघांनी तसल्या पेचात पडू नये.

याच दरीतून पांडव स्वर्गाला गेले असं तिथले लोक मानतात. महाप्रस्थानाची कथा आपल्याला ठाऊक आहे. वाटेत सगळ्यांत आधी द्रौपदी पडली. भीमाने कारण विचारलं, युधिष्ठिराने कारण सांगितलं आणि मागे वळून न पाहता तो चालत राहिला. सुट्टीसाठी निघालेल्या जोडप्याने नेमकं याच्या उलट वागायचं. दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचं, आणि एक जण थांबला की दुसऱ्यानेही थांबायचं. हा नियम निघण्याआधी, घरात, शांत डोक्याने एकमेकांना स्पष्ट शब्दांत बोलून दाखवा. दोघांपैकी एकाला उतरावं लागलं तर दुसराही उतरेल. ‘तू हो पुढे, मी इथेच बसते’ हे वाक्य डोंगरात उच्चारायचं नाही. एवढे पैसे घातले, रजा घातली, शिखर समोर दिसतंय, अशा वेळी माणूस भलते निर्णय घेतो. आधीच ठरलेलं असलं की तिथे वाद उरत नाही, कुणाला अपराधीही वाटत नाही.

आता वेळ. हर-की-दूनला जायचे दोन चांगले हंगाम आहेत. एक मे महिना ते जूनचा पहिला पंधरवडा आणि दुसरा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. नोकरदार, निवृत्त किंवा दुकानदार जोडप्याला मी डोळे झाकून दुसरा हंगाम सांगेन. आभाळ स्वच्छ असतं, ओढे उतरलेले असतात, आणि सराव आपल्याकडच्या जुलै ते सप्टेंबरच्या थंड हवेत होतो. शेतकरी जोडप्याचं गणित निराळं. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कपाशीची वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड. तेव्हा घर सोडणं शक्यच नाही. त्यांच्यासाठी मे. वावर मोकळं असतं आणि मृग नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, परत येता येतं. पण आंबियाची फळं तेव्हा लहान असतात आणि मेच्या उन्हात पाण्याचा ताण बसला तर गळ होते. म्हणून बगिच्याला पाणी कोण देईल हे आधी ठरवा, मग तिकिटं काढा. भाऊ, पुतण्या, शेजारचा शेतकरी, जो कुणी असेल त्याला ठिबकचे व्हॉल्व्ह, मोटार, विजेच्या पाळीचं वेळापत्रक आठवडाभर आधी प्रत्यक्ष हाताळू द्या. नुसतं सांगून भागत नाही. वाटेत फोन लागत नाही, त्यामुळे ‘मोटार चालू होत नाहीये, काय करू?’ याचं उत्तर तुम्ही देऊ शकणार नाही. मोटारीच्या मेकॅनिकचा नंबर त्याच्याकडे असावा आणि थोडे पैसेही.

तब्येतीच्या तपासण्यांत रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख या नेहमीच्या गोष्टी दोघांनीही करायच्या. बायका हिमोग्लोबिन अंगावर काढतात. ते कमी असताना उंचीवर दम लागतो आणि खापर वयावर फुटतं. पण आपल्या भागासाठी एक तपासणी मी सगळ्यांत वर ठेवते, ती सिकलसेलची. विदर्भात हा आजार बराच आढळतो आणि त्याचे वाहक तर त्याहून पुष्कळ जास्त आहेत. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून साठ वर्षांच्या माणसालाही आपण वाहक आहोत हे माहीत नसतं. साडेतीन हजार मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने साधारण दोन तृतीयांश उरतो. तेवढ्याने क्वचित वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात आणि प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ येणं ही त्याची खूण. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलला सुरू झालं आणि सरकारी दवाखान्यांत ही तपासणी होते. वाहक निघालात तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून मगच ठरवा. ते नको म्हणाले तर पचमढी, चिखलदरा, सह्याद्री हे सगळे डोंगर तुमचेच आहेत. चालण्याचा आनंद उंचीच्या आकड्यावर अवलंबून नाही.

सरावाला निदान तीन महिने हवेत. अनेकांचा समज असतो की आम्ही दिवसभर वावरात राबतो, आम्हाला सराव कशाला? वावरातल्या कामाने चिवटपणा येतो हे खरं, पण पाठीवर ओझं घेऊन सलग पाच तास चढणं आणि नंतर तेवढंच उतरणं याला मांड्यांचे, पोटऱ्यांचे वेगळे स्नायू लागतात. आणि आपला भाग सपाट. पहिला महिना आठवड्यातले पाच दिवस तासभर झपझप चाला. दुसऱ्या महिन्यात पाठीवर पाच किलोची पिशवी घ्या, पाण्याच्या बाटल्या भरल्या की वजन होतं. रविवारी मोर्शीहून सालबर्डीपर्यंत चालत जा. माडू नदीच्या काठी बसा, डबा खा, आणि जमेल तसं चालत परत या. तिसऱ्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस लांब चालायचं, हा सरावाचा गाभा आहे. पहिल्या दिवशी कुणीही चालतं. टाच कुठे सोलते, कंबर कुठे धरते, कोण सकाळी उठायला कुरकुरतं, हे दुसऱ्या दिवशी कळतं. मे महिन्यात जाणाऱ्यांचा सराव मार्च-एप्रिलच्या उन्हात येतो, तेव्हा पहाटे पाचला घर सोडा आणि आठच्या आत घरात या. त्यानंतरचं ऊन सराव नव्हे, आजारपण देतं.

चढ-उतारासाठी जवळच्या तीन जागा. सालबर्डीची टेकडी तर आहेच. परतवाड्याजवळचं मुक्तागिरी, जैनांचं ५२ मंदिरांचं तीर्थ, तिथल्या पायऱ्या गुडघ्यांची चांगली परीक्षा घेतात. तिथे बूट काढावे लागतात हे लक्षात ठेवा, ती जागा पूजेची आहे आणि तिचा मान राखूनच चढायचं. तिसरं चिखलदरा. सुमारे १११८ मीटर उंचीवरच्या या पठारावर दोन रात्री राहा आणि गाडी हॉटेलातच ठेवा. गाविलगड आतून नीट बघायचा म्हटलं तर दिवस जातो. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने जिंकलेला हा किल्ला बहुतेक पर्यटक दरवाजापाशी फोटो काढून सोडतात. त्याचे तलाव, तटबंदी, पलीकडच्या दऱ्या पायांनीच बघाव्यात. मेळघाटाच्या जंगलात मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. १९७४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथे वाघाइतकीच अस्वलाची भीती असते. पावसाळ्यात गवतातून जाताना घोट्यावर येणारे बूट आणि हातात काठी हवी. साप चावलाच तर पट्टी आवळणं, चिरा देणं काही करायचं नाही, चावलेला पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

हिमालयाआधी दोघांनी तीन-चार दिवस बाहेर राहून चालण्याची एक रंगीत तालीम करावी असं मला वाटतं. त्यासाठी पचमढीसारखी जागा नाही. नागद्वारच्या यात्रेत नको, ती श्रद्धेने आणि मंडळासोबत करण्याची गोष्ट आहे, तिथल्या गर्दीत दोघांना आपला वेग सापडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. महादेव गुंफेपासून चौरागड एक दिवस. दुसऱ्या दिवशी धूपगड, १३५० मीटर, सातपुड्याचं सर्वांत उंच टोक. तिसऱ्या दिवशी जटाशंकर आणि एखादा धबधबा. कुठे पायी जाता येतं, कुठे वन विभागाची गाडी लागते, हे तिथल्या कार्यालयात आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. सलग तीन दिवस चाललात आणि चौथ्या दिवशी एकमेकांशी नीट बोलत असलात तर हिमालयाची तिकिटं काढायला हरकत नाही.

आता सामान. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा-एक नंबर मोठे घ्या, कारण उतारावर बोटं पुढे सरकतात आणि नखं काळी पडतात. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नवे बूट निदान दीड महिना रोज वापरा. मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, सुती नकोत. आपल्या उन्हाळ्यात सुती कपड्याइतकं सुखाचं काही नाही, पण थंडीत घामाने भिजलेलं सुती बनियन अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून आत घाम बाहेर टाकणारा पातळ सदरा, त्यावर लोकर, त्यावर जाड जाकीट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारा अंगरखा. थर चढवायचे, काढायचे. चालायला लागण्याआधी एक थर कमी करा, सुरुवातीची दहा मिनिटं हुडहुडी भरली तरी चालेल.

ओझ्याची वाटणी हा खरा दोघांमधला विषय. ‘जड ते मी घेतो’ म्हणत नवरा सगळं आपल्या पाठीवर घेतो, किंवा घरच्या सवयीने सगळ्या लहानसहान वस्तू बायकोच्या पिशवीत जातात आणि दर दहा मिनिटांनी तिने थांबून काही ना काही काढून द्यायचं. दोन्ही चूक. ओझं शरीराच्या वजनाच्या प्रमाणात वाटा, आणि प्रत्येकाच्या पिशवीत ही सामग्री स्वतंत्र हवीच: पाणी, एक गरम कपडा, पावसाचा अंगरखा, बॅटरी, शिट्टी, स्वतःची औषधं, थोडं खाणं, ओळखपत्र आणि निम्मे पैसे. धुक्यात दोघांमध्ये शंभर पावलांचं अंतर पडलं तरी दोघंही तास-दोन तास सुरक्षित राहिले पाहिजेत. मोठं सामान खेचरावर किंवा हमालाकडे द्या, त्यात कमीपणा नाही. सांकरीच्या लोकांचं पोट त्यावर चालतं आणि तुमचे गुडघे वाचतात. झोपण्याच्या पिशव्या दोन वेगवेगळ्या घ्या. एकाला थंडी वाजते, दुसऱ्याला उकडतं, हे लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी बदलत नाही.

मोठ्या गटातून जावं की दोघांनीच? यूथ हॉस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्था आणि अनेक ट्रेक कंपन्या गट नेतात. खर्च कमी येतो, सोबत मिळते, तंबू-जेवणाची काळजी नसते. पण वीस-पंचवीस जणांच्या गटाचा वेग तरुणांचा असतो आणि वेळापत्रक कुणासाठी थांबत नाही. पन्नाशीच्या जोडप्याने सांकरीतला नोंदणी असलेला वाटाड्या आणि एक मदतनीस घेऊन आपल्या वेगाने जावं, असं माझं मत. वाटाड्याशिवाय मात्र कधीच नाही. ठरवताना त्याला विचारा: वाटेत किती रात्री, कुठल्या उंचीवर? प्राणवायूचं नळकांडं सोबत असतं का? कुणाला उतरवावं लागलं तर काय करता? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा शोधा. रोख पैसे डेहराडूनहूनच न्या. तिथून सांकरीचा रस्ता मसुरी, पुरोला, मोरीवरून जातो आणि सबंध दिवस खातो, गाड्या सकाळी लवकर सुटतात. नैटवाडला गोविंद अभयारण्याची चौकी लागते, ओळखपत्रांच्या दोन-तीन प्रती जवळ ठेवा.

रोजच्या चालीचा नियम एकच, हळू चालणारा पुढे. जोराने चालणारा पुढे गेला की तो वळणावर थांबून वाट पाहतो, मागचा धापा टाकत पोहोचतो आणि हा ताजातवाना होऊन लगेच निघतो. मागच्याला विश्रांती मिळतच नाही. दिवसभर हे झालं की संध्याकाळी भांडण ठरलेलं. चढावर धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. पाऊण-एक तासाने दहा मिनिटं थांबा, बूट सैल करा, पाय बघा. कातडी गरम वाटली, लाल झाली की तिथल्या तिथे चिकटपट्टी लावायची, फोड येईपर्यंत थांबायचं नाही. आणि चिडचिड व्हायला लागली की आधी काहीतरी खा, मग बोला. निम्मे वाद भुकेचे असतात.

घरून खाण्याचं न्यायचं तर दुधात भिजवलेल्या दशम्या पहिल्या दोन दिवसांना पुरतात. पुढे जवसाची, तिळाची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, मुरमुऱ्याचा चिवडा. उंचीवर भूक मरते, तोंडाला चव राहत नाही, अशा वेळी जवसाच्या चटणीने चार घास पोटात जातात. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, उकळलेलं किंवा क्लोरिनची गोळी टाकलेलं. इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. आडोसा मिळणार नाही या धास्तीने बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, पाय वळतात, लघवीची जळजळ सुरू होते, आणि उंचीचा त्रास आहे की पाण्याची कमतरता हे कळेनासं होतं. नवऱ्याने प्रत्येक थांब्यावर स्वतःहून जागा बघायची आणि पाठ करून राखण करायची, मागणीची वाट बघायची नाही. पाळीची तारीख जवळ नसली तरी पॅड न्या, उंचीने आणि श्रमाने ती पुढेमागे होते. वापरलेले पॅड दुहेरी पिशवीत बांधून परत आणायचे. नदी ज्या गावांची आहे, ती गावं खालीच आहेत.

उंचीबद्दल मन लावून वाचा. अमरावती सुमारे ३४० मीटरवर आहे, म्हणजे आपलं शरीर तळाशी राहणाऱ्याचं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी काढावा. ओसला सुमारे २५०० मीटरवर आहे. तिथून थेट हर-की-दूनला मुक्कामाला जाणं म्हणजे एका दिवसात हजार मीटर. वाटाड्या म्हणेल, सगळे जातात. तुम्ही मधे, कलकत्तीधारला, एक रात्र मागून घ्या. डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती असताना वर चढायचं नाही, आहे तिथे थांबायचं. वाढली तर खाली. बसल्या जागी दम लागतोय, सुका खोकला थांबत नाही, किंवा टाचेला टाच जुळवून सरळ रेषेत चालताना तोल जातोय, तर रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरायचं. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. डायमॉक्सची गोळी काहींना उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगून. दोघांनीच जाण्याचा इथे मोठा फायदा असतो. उंचीने मेंदूवर परिणाम होऊ लागला की आजारी माणूस स्वतः म्हणतो, मला काही झालं नाही. पण रोज बडबड करणारी बायको गप्प झाली, टापटिपीचा नवरा बुटाची नाडी तशीच लोंबती ठेवून चालू लागला, हे तुम्हालाच कळेल. वाटाड्याला ते कळणार नाही. असा बदल दिसला की त्याला लगेच सांगा.

घरकामाची वाटणीही डोंगरात नव्याने करा. मुक्कामाला पोहोचल्यावर एकाने पाणी भरायचं, दुसऱ्याने अंथरूण लावायचं, दुसऱ्या दिवशी उलट. दिवसाचे लहान निर्णय, कुठे जेवायचं, किती वेळ नदीकाठी बसायचं, एक दिवस तिचे, एक दिवस त्याचे. आयुष्यभर एकच माणूस ठरवत आला असेल तर पहिला दिवस जरा अवघडल्यासारखा जातो, तिसऱ्या दिवसापासून दोघांनाही आवडू लागतं.

एका खेपेत सगळं उरकायची घाई करू नका. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ मध्ये, पन्नाशीला टेकलेले असताना, नर्मदेच्या काठाने चालायला निघाले. त्यांनी परिक्रमा सलग केली नाही, सवड मिळेल तशी तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं केली. पुढे पंच्याहत्तरीच्या सुमाराला ते पुन्हा निघाले तेव्हा पत्नी कांताबाई सोबत होत्या. बगिचा, गुरं, म्हातारे आईवडील सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना ही रीत फार सोयीची आहे. यंदा ओसल्यापर्यंतच जमलं तर तिथपर्यंत. ती चालही पूर्णच असते. घरी म्हातारं माणूस असेल तर लेक किंवा बहीण त्या दहा दिवसांसाठी येऊन राहील असं ठरवा आणि त्यांच्या औषधांची यादी भिंतीवर चिकटवा. सांकरीहून वर जाताना शेवटचा फोन कधी होईल आणि पुढचा कधी, तेही घरी सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही कुरणात सुखात आणि इकडे पोलीस ठाण्यात चौकशी, असं व्हायचं.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. नागपूर ते दिल्ली आणि पुढे डेहराडून, प्रत्येक तिकीट त्याचं आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढा. परतीचं मात्र हिशेबापेक्षा दोन दिवस उशिराचं घ्या. दरड कोसळून रस्ता बंद होणं तिकडे नेहमीचं आहे. दिवस उरलेच तर ते ऋषिकेशला गंगेकाठी जातील.

मे महिन्यात परतणाऱ्यांना एक शेवटची सूचना. हर-की-दूनच्या पहाटेच्या गारठ्यातून तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत उतरता. शरीर तेवढ्यात उन्हाची सवय विसरलेलं असतं. गाडीत ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेत राहा आणि घरी आल्यावर चार-पाच दिवस दुपारी वावरात जाऊ नका. बगिचा बघायची कितीही ओढ लागली तरी पहाटे जा, नऊच्या आत परत या. बूट सावलीत वाळवा, उन्हात तळवा उखडतो. गुडघे आठवडाभर दुखतील. ते दुखणं सोबत थोडं चालत राहिल्याने लवकर जातं, म्हणून संध्याकाळी ऊन उतरलं की दोघांनी धुऱ्यावरून एक फेरी मारा.